मोठा टीव्ही घेताय? आधी टेप काढा, आणि या चुका टाळा

दसरा जवळ आला की महात्मा गांधी रोडवरून ७५ इंची खोकी टेम्पोत चढून नाशिकभर निघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ६५ इंचांचा विचार करून दुकानात गेलेला माणूस ७५ घेऊन बाहेर पडला तर नवल नाही. पण टीव्हीचे पॅनेल (पडद्याचा प्रकार) कोणते घ्यायचे हे महिनाभर वाचणारी मंडळी भिंत, सोफा, भिंतीतला पाइप आणि प्लग यांच्याकडे वळून पाहतात ती खोके दारात आल्यावर. पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

इंच मोजले, अंतर मोजले नाही

टीव्हीचे इंच कर्णाचे असतात. ६५ इंची टीव्ही साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ उंच, ७५ इंची १६६ बाय ९३, ८५ इंची १८८ बाय १०६. अंतराचा हिशेब सोपा आहे: कर्ण सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला १.२ ने आणि १.६ ने गुणा. या दोन आकड्यांच्या मध्ये तुमचा सोफा असावा. ६५ साठी साडेसहा ते पावणेनऊ फूट, ७५ साठी साडेसात ते दहा, ८५ साठी साडेआठ ते सव्वाअकरा फूट. मोजायचे ते डोळ्यापासून पडद्यापर्यंत. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेल्या आकड्यातून सोफ्याची पाठ आणि टीव्ही-ब्रॅकेटची जाडी मिळून सहज तीन फूट जातात. सिडकोतल्या दहा फुटी हॉलमध्ये ८५ का त्रास देतो, ते या वजाबाकीतच कळते.

रद्दीची पाने चिकटपट्टीने जोडून टीव्हीच्या मापाचा चौकोन भिंतीवर लावा आणि दोन दिवस राहू द्या. हे फुकट आहे, तरी शंभरातले पाचही करत नाहीत.

याच हिशेबातली दुसरी बाजू म्हणजे घरात बघतात काय. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात सव्वाचार लाखांच्या आत. म्हणजे आलेल्या एका बिंदूचे वीस करून पडदा भरायचा. घरात रोज संध्याकाळी एसडी मालिका चालत असतील, तर पडदा जितका मोठा तितके चेहरे मेणासारखे दिसणार, आणि टीव्ही कितीही महाग असला तरी ते टळणार नाही. पॅकमध्ये तेच चॅनेल एचडी घ्या, सेट टॉप बॉक्स एचडीचा आहे ना ते पाहा, आणि त्याच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय (एचडीचे चित्र) केलेले आहे याची खात्री करा. अजूनही कितीतरी घरांत बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-पांढरी-लाल वायरच जोडलेली असते. त्या वायरीतून एचडी येत नाही. ती काढा, एचडीएमआय लावा.

उंची

हॉल सजवणाऱ्यांना टीव्ही फोटोच्या फ्रेमसारखा वर लावायला आवडतो. मान तुमची आहे. सोफ्यावर बसून जमिनीपासून डोळ्यापर्यंत मोजा, बहुतेकांचे ४० ते ४४ इंच भरते. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास यावा. ७५ इंची टीव्हीची खालची कड मग जमिनीपासून सुमारे दोन फुटांवर येते, आणि साउंडबारला खाली जागा हवी म्हणून टीव्ही युनिट दीड फुटापेक्षा उंच नको. घरात खाली गादी घालून भारतीय बैठक असेल तर आणखी खाली. आणि एक बारीक गोष्ट: मागची ब्रॅकेटची भोके टीव्हीच्या बरोबर मध्यावर असतीलच असे नाही, पुष्कळ मॉडेलमध्ये ती खाली असतात. भिंतीवर खूण करण्याआधी पुस्तिकेतून वरच्या भोकापासून टीव्हीच्या वरच्या कडेपर्यंतचे माप घ्या.

भिंतीतला पाइप

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती टीव्ही येण्याच्या चार-सहा महिने आधी होऊन गेलेली असते.

गंगापूर रोडवरच्या एका नव्या फ्लॅटमधली गोष्ट. टीव्हीची भिंत पूर्ण फ्ल्यूटेड (उभ्या खाचांच्या) पॅनेलने मढवलेली, एकही वायर दिसत नाही. गेमिंग कन्सोल, सेट टॉप बॉक्स आणि साउंडबारचा अॅम्प्लिफायर बाजूच्या कपाटात. कपाटापासून टीव्हीपर्यंत पाऊण इंची पाइप, त्याला दोन काटकोनी एल्बो, आणि प्लास्टरच्या आधीच आत घालून ठेवलेली दहा मीटरची साधी एचडीएमआय केबल. टीव्ही ७७ इंची ओएलईडी, उत्तम. सेट टॉप बॉक्सचे चित्र झकास. कन्सोलवर ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रे) सुरू केले की दर पाच-दहा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा. मधूनच चमकणारे पांढरे ठिपके. टीव्हीवर शंका घेतली गेली. मेन बोर्ड बदलला. ठिपके तसेच. कन्सोल बदलून पाहिला. तसेच. तीन आठवडे असे गेल्यावर कोणीतरी कन्सोल टीव्हीखाली जमिनीवर ठेवून दोन मीटरच्या प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड केबलने थेट जोडला. दोन तास एकही ठिपका नाही.

टीव्ही पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. ४के १२० हर्ट्झला एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त छटा दाखवणारे चित्र) जोडले की केबलला सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत वाहून न्यावे लागते. साध्या तांब्याच्या केबलीत हे तीन मीटरपर्यंत निर्धास्त होते, त्यापुढे भरवसा कमी होत जातो आणि दहा मीटरवर विषयच संपतो. १०८०आय चे ओझे अगदी हलके, म्हणून सेट टॉप बॉक्सचे चित्र चांगले दिसत होते आणि सगळ्यांची दिशाभूल होत होती. आता केबल बदलायची तर एचडीएमआयचा प्लग दोन सेंटिमीटर रुंद आणि मागे चार-पाच सेंटिमीटर ताठ. तो काटकोनी एल्बोत वळत नाही. प्लग कापून आत गेल्यावर पुन्हा जोडू, असे वायरमन सांगतो. ४८ गिगाबिटच्या केबलीला असा सांधा चालत नाही, ऐकू नका. शेवटी दोन पॅनेल उखडून, भिंत फोडून नवा पाइप टाकावा लागला, आणि नव्या पॅनेलचा रंग जुन्याशी जुळला नाही.

म्हणून प्लास्टरच्या आधी दोन इंची पाइप टाका. एल्बो नको, लांब वळणाचे बेंड घ्या, आणि आत नायलॉनची दोरी कायमची ओवून ठेवा. तीन-चार मीटरच्या पुढे ऑप्टिकल एचडीएमआय वापरा. ती एकाच दिशेने चालते: एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेले असते. उलटी ओढली तर पडदा काळाच राहतो आणि पुन्हा सगळे उपसावे लागते, तेव्हा ओढण्याआधी जमिनीवर जोडून चालवून पाहा. विजेची वायर याच पाइपात घालू नका, तिला स्वतंत्र पाइप हवा. सुतार घाई करतो, इंटिरिअरवाले “नंतर बघू” म्हणतात. नंतर बघायला भिंत फोडावी लागते.

पॅनेल: खोली बघून ठरवा

ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, म्हणून काळा तो खरा काळा. मिनी-एलईडीमध्ये मागे शेकडो-हजारो छोटे दिवे विभागांत चालतात. उजेड जास्त, पण काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती थोडे तेज सांडते. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीसारखे दिसते, पण आत एलसीडीच आहे. मिनी-एलईडी घेताना डिमिंग झोन, म्हणजे दिव्यांचे हे विभाग, किती ते विचारा. विक्रेत्याला आकडा सांगता आला नाही तर पुढच्या मॉडेलकडे वळा.

हॉलची गॅलरी पश्चिमेला असेल, मे महिन्यात चार ते साडेसहा ऊन थेट आत येत असेल आणि जाड पडदे लावायची तयारी नसेल, तर ओएलईडीचा हट्ट नको. पूर्ण पडदा उजळ असताना त्याचा उजेड आपोआप उतरतो, आणि क्रिकेटचे हिरवे मैदान भर दुपारी नेमके फिके दिसते. रात्री दिवे मंद करून सिनेमा बघणाऱ्या घरात मात्र ओएलईडीला तोड नाही.

ओएलईडी घेतलाच, तर आपल्याकडची एक सवय सोडावी लागेल. रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करणे. वर्षानुवर्षांचे वळण आहे, वीज वाचते म्हणून आजी-आजोबा आठवणीने करतात. पण ओएलईडीचे बिंदू वापरानुसार कमी-जास्त झिजतात, आणि ती तफावत भरून काढायचे काम टीव्ही स्टँडबायमध्ये असताना स्वतःच करतो. काही तासांचा वापर साठला की रिमोटने बंद केल्यावर त्याला काही मिनिटे लागतात. बटणच बंद केले तर ते काम कधी होतच नाही. इंदिरानगरातल्या एका घरी दिवसभर बातम्या आणि रात्री दहाला ठोक बटण बंद, असा क्रम दीड वर्ष चालला. पुढे सामना लावला की मैदानाच्या खालच्या भागात बातम्यांच्या पट्टीचा आडवा डाग दिसू लागला. असा डाग वॉरंटीत बसतो का, हे घेतानाच लेखी विचारायला हवे होते.

स्टँडबायला अर्धा वॅट धरला तरी वर्षाचे साडेचार युनिट होत नाहीत. त्या बटणावर कागद चिकटवून “बंद करू नये” असे लिहा. रिमोटने बंद करून अर्धा-एक तास गेला की मग हवे तर बटण बंद करा. लोगोची चमक कमी करण्याचा आणि चित्र किंचित सरकवण्याचा पर्याय चालू ठेवा. उलट टोकाचे उत्साहीही आहेत, मेन्यूतला तासभर चालणारा पिक्सेल रिफ्रेश (बिंदूंची झीज सावरण्याचे मोठे काम) दर आठवड्याला करणारे. तो टीव्हीने मागितला तरच करा, वारंवार केल्याने पॅनेलवर झीजच वाढते. आणि घरात रोज आठ तास बातम्या चालत असतील तर सरळ मिनी-एलईडी घ्या.

थोडक्यात काही

दुकानातला टीव्ही डोळे दिपवणाऱ्या व्हिव्हिड मोडवर असतो. फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावायला सांगा, अंधारातले दृश्य बघा, मग एखादे मराठी चॅनेल बघा, आणि बाजूने उभे राहूनही बघा. घरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोणीतरी बसणारच आहे.

“मोशन रेट २४०” हा जाहिरातीचा आकडा. पॅनेलचा मूळ हर्ट्झ विचारा, १२० हवा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, १२० ला २४ ने नेमका भाग जातो, ६० ला जात नाही.

सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतोय? मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम टीव्हीने स्वतः भरणे) बंद करा. टीव्ही खराब नाही.

सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार नसते, त्याऐवजी एचडीआर१०+ असते. हे घेण्याआधी माहीत असावे, नंतर भांडण नको.

साउंडबार ज्या एचडीएमआय पोर्टवर ईआर्क (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी वाट) लिहिले आहे तिथेच लावायचा. आणि एचडीआर उमटत नसेल तर कन्सोल किंवा बॉक्स ज्या पोर्टला जोडला आहे त्याचे सेटिंग पाहा: एलजीत डीप कलर, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट. काही मॉडेलमध्ये ते आधी बंदच असते.

बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो. नेटफ्लिक्सच्या ४के ला १५ मेगाबिट पुरतात, तेव्हा तो चालतो. मोठ्या फायली घरच्या सर्व्हरवरून बघणाऱ्यांनी ५ गिगाहर्ट्झ वायफाय वापरावे.

एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) भिंतीला साधा रावळ प्लग नको. हॅमर बंद ठेवून ड्रिल करा आणि एएसी ब्लॉकसाठीचेच नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर घ्या. पुढे ओढता येणारा आर्म तर चार इंची पार्टिशनवर लावूच नका. ४० किलोचा टीव्ही दोन फूट पुढे आला की वरचे दोन बोल्ट उपटायला बघतात.

पायांवर ठेवणार असाल तर दोन पायांमधले अंतर मोजा. पाच फुटी युनिटवर ८५ चे पाय पुष्कळदा बसत नाहीत.

वळीव आणि वीज

आताचे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते. गरज असते ती सर्ज प्रोटेक्टरची, आणि अर्थिंग नसेल तर तो अर्धवटच काम करतो. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत सॉकेट तीन पिनांचे आणि मागे अर्थची वायरच नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. फेज-अर्थ २३० च्या आसपास दाखवत नसेल तर आधी वायरमन, मग टीव्ही. मे महिन्यात वळवाचे ढग गडगडू लागले की प्लगच नव्हे, गच्चीवरच्या डिशची केबल आणि लॅनसुद्धा काढा. प्लग काढलेल्या टीव्हीचा बोर्डही याच वायरींतून जळतो.

खोके दारात आल्यावर

८५ चे खोके सुमारे सात फूट लांब आणि सव्वाचार फूट उंच. सोसायटीच्या लहान लिफ्टमध्ये ते जात नाही, आणि जावे म्हणून अरुंद बाजूवर उभे करू नये. आडवे पाडून तर कधीच नेऊ नये. जिन्याचे वळण आदल्या दिवशी मोजा आणि चार माणसे सांगून ठेवा.

कंपनीचा माणूस येईपर्यंत खोके फोडू नका. फोडताना व्हिडिओ काढा. वीज जोडण्याआधी बॅटरीच्या उजेडात चारही कोपरे तिरपे बघा, बारीक तडा तेव्हाच दिसतो. मग पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि मध्यम करडा पडदा लावून प्रत्येकी मिनिटभर पाहा. करड्यावर उभे पट्टे आणि मळकट ढग कळतात, ओएलईडीसाठी अगदी गडद करडाही लावा. भिंतीवर चढवण्याच्या आधी हे झाले पाहिजे, कारण एकदा लावला की “तुमच्याकडेच झाले” हे ऐकावे लागते. खोके आणि थर्माकोल निदान महिनाभर माळ्यावर राहू द्या. टीव्ही परत न्यायची वेळ आली तर त्याच खोक्यातून न्यावा लागतो.