प्रवासात ड्रोन नेताय? या चुका टाळा

“माझा ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला आहे, मला परवानगी लागत नाही.” गडाच्या पायथ्याशी, किनाऱ्यावर, हॉटेलच्या गच्चीवर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की सुरुवात तिथूनच करतो. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला सवलती जरूर आहेत. तो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही. 2 किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोनही निव्वळ हौसेसाठी असेल तर प्रमाणपत्राशिवाय चालतो. पण या सवलती यंत्राला आणि चालवणाऱ्याला आहेत, आकाशाला नाहीत. रेड झोनमध्ये, म्हणजे ड्रोनला मनाई असलेल्या भागात, 249 ग्रॅमचा ड्रोन आणि 20 किलोचा ड्रोन, दोघांनाही बंदी तीच. नियम मोडल्यास 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नकाशा न बघता निघणं

डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर देशाच्या आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात दिलाय. हिरव्यात 400 फूट, म्हणजे 120 मीटर उंचीपर्यंत परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा 200 फुटांवर येते. त्याहून जवळ गेलात की आधी पिवळा आणि मग लाल. पिवळ्यासाठी त्या भागाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लालसाठी थेट केंद्र सरकारची.

इथे एक चूक हमखास होते. लोक अंतर रस्त्याने मोजतात. तारकर्लीच्या पुढे देवबागच्या टोकाला उभं राहिलं की चिपी विमानतळ लांब वाटतो, कारण मध्ये कर्ली खाडी आहे आणि गाडीने वळसा घालून जावं लागतं. पण ड्रोनला खाडी आडवी येत नाही. नकाशावर सरळ रेष ओढली तर ते अंतर जेमतेम काही किलोमीटर भरतं.

दुसरं, विमानतळ म्हणजे फक्त आपण तिकीट काढून जातो तो, असं धरून चालू नका. पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, गोव्यात दाबोळी नौदलाचा. बोगमाळोच्या किनाऱ्यावर सूर्यास्त कितीही सुंदर दिसत असला तरी तिथे ड्रोन बॅगेतच राहू द्या. आणि मुंबईबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पाहुणे म्हणून आला असाल तर तिथे ड्रोन उडवायचा विचारच सोडा. आकाशाचे निर्बंध आहेतच, शिवाय मुंबई पोलिस ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर मनाई आदेश काढतात आणि मुदत संपली की पुन्हा काढतात. तो आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा आहे.

पोलिसांच्या आदेशाची गोष्ट बाकीच्या शहरांनाही लागू आहे. यात्रा, मोठी सभा, महत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा असेल तर कुठल्याही भागात एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करता येतो. मागच्या आठवड्यात हिरवा दिसलेला नकाशा म्हणून पुरत नाही. आदल्या रात्री बघा, सकाळी निघताना पुन्हा बघा, आणि जिल्ह्याच्या पोलिसांच्या ताज्या सूचनाही चाळा.

ॲप अडवत नाही, म्हणजे चालतं, हा समज

ड्रोन कंपनीच्या ॲपमधला नकाशा कंपनीचा असतो, सरकारचा नाही. दोन्हींच्या सीमा जुळतीलच असं नाही. डीजेआय या ड्रोन कंपनीने तर 2025 च्या जानेवारीत अमेरिकेत मनाईच्या भागात ड्रोनला आपणहून रोखणं बंद करून नुसता इशारा दाखवायला सुरुवात केली. मोटर चालू झाली म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

आकाश हिरवं, पण जमीन कोणाची?

प्रवासात सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि मला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे. 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यानंतर ड्रोन घेऊन गडावर येणारे खूप वाढले. यातले रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे अर्ज कुठे करायचा तेही गडागणिक बदलतं. हरिश्चंद्रगडावर तर वनखातं आहे, कारण तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथल्या कड्यांमध्ये पक्ष्यांची घरटी असतात, त्यामुळे तिथली परवानगीची अट मला मनापासून पटते.

लेखी परवानगी नसेल तर गड डोळ्यांनी बघा. चौकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका, तो आपलं काम करतोय.

गावात उडवायचं असेल तर आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा. मध्यंतरी रात्रीच्या ड्रोनच्या अफवांमुळे पुणे, बीडकडची कितीतरी गावं जागी राहिली होती. अशा गावात अनोळखी माणसाने न सांगता ड्रोन उडवला तर लोक घाबरणारच. पाच मिनिटं बोललात तर तेच लोक चहा पाजतात आणि “नदीकडून घ्या, मंदिर चांगलं दिसेल” असंही सांगतात.

परत येताना ड्रोन भलतीकडे का जातो?

दापोलीकडच्या एका खाडीत मी होडीतून ड्रोन उडवला होता. ओहोटी लागली होती, होडी हळूहळू समुद्राकडे सरकत होती, आणि माझं लक्ष स्क्रीनवरच्या खारफुटीत. बॅटरी 20 टक्क्यांवर आली, ड्रोनने आपणहून परतीचा रस्ता धरला आणि आमच्यापासून चांगला शंभरेक मीटर मागे, नुसत्या पाण्यावर उतरायला लागला. त्याच्या हिशेबाने होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, तिथेच होती, कारण उडताना होडी तिथे होती. नाखवा ओरडले, “अहो, ते बुडतंय बघा!” मी परतीची आज्ञा रद्द केली, हाताने ड्रोन किनाऱ्याकडे नेला आणि वाळूवर उतरवला. तोवर 6 टक्के उरले होते. होडीतून उडवणार असाल तर होम पॉइंट अधूनमधून नव्याने लावा, किंवा सरळ किनाऱ्यावरून उडवा.

परतीची उंचीही जागेप्रमाणे बदला. ॲपमधली उंची ड्रोन जिथून उडाला तिथून मोजलेली असते, त्याच्या खालच्या जमिनीपासून नाही. पायथ्याहून उडवून डोंगरामागे नेलात आणि परतीची उंची 40 मीटर ठेवलीत, तर येताना तो डोंगरावर आदळेल. उलट कड्याच्या टोकावरून दरीत नेलात तर स्क्रीनवर 50 मीटर दिसतात, पण खाली दरी 300 मीटर खोल असते. नियमातले 120 मीटर तुम्ही कधीच ओलांडलेले असतात.

कंपास एरर, म्हणजे ड्रोनच्या होकायंत्राची तक्रार, येत असेल तर आधी पायाखाली बघा. हॉटेलच्या गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, गाडीचं बॉनेट तर लोखंडच. तिथेच उभं राहून पुन्हा पुन्हा कॅलिब्रेशन करण्यापेक्षा, म्हणजे होकायंत्र जुळवत बसण्यापेक्षा, वीस पावलं मोकळ्या मातीवर जा. बहुतेक वेळा एरर तिथेच जाते.

वारा खाली शांत आणि वर जोराचा असतो. कोकणकड्यावरून टाकलेली हलकी वस्तू वारा परत वर आणतो, हे प्रत्येक ट्रेकरला माहीत आहे. अर्ध्या किलोच्या आतल्या ड्रोनचं काय होईल ते त्यावरून समजा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा साथ देतो आणि बॅटरी पुरते.

विमानात आणि परदेशात

सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकू नका. त्या हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. 100 वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, आणि छोट्या ड्रोनच्या बॅटऱ्या साधारण 20 च्या आसपास असतात. परदेशातून स्वस्तात ड्रोन आणायचा बेत असेल तर तो सोडा. फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, कस्टम्समध्ये तो अडतो. मोरोक्कोसारख्या देशात तर ड्रोन नेलात तरी विमानतळावरच काढून घेतात. युरोपात कॅमेरा असलेला ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला असला तरी चालवणाऱ्याची नोंदणी लागते.

आणि कुठेही कोणी विचारायला आलं, तर आधी ड्रोन उतरवा, मग बोला. नोंदणी क्रमांक, खरेदीचं बिल, परवानगीचं पत्र आणि त्या सकाळच्या नकाशाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये साठवून ठेवा. गडावर रेंज नसते, आणि तिथे ऐन वेळी पान उघडत नाही.