गिझर बिघडला? आधी बादली, मग कारणं
खानापूर-जांबोटीकडे होमस्टे असेल तर पावसाळ्याआधी गिझर एकदा तापवून बघाच. ऐन जुलैत, पाहुणे भिजून आलेले असताना तो बंद पडला, की मेकॅनिक बेळगावहून येईपर्यंत दुपार होते. आमचा असाच गेला. कारणं सांगत बसलो नाही. आधी चुलीवरचं कढत पाणी दोन बादल्या दारात ठेवलं, मग फोन लावला. जुना झाला असेल तर कॉइलवर पैसे घालू नका, नवाच घ्या. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा पुरतो, वीसेक मिनिटांत पाणी तापतं. सॉकेट मात्र १६ अँपिअरचंच हवं. भाड्यातले थोडे पैसे सोडा, तेही पाहुण्यानं मागायच्या आत. निघताना अर्धा किलो कुंदा (बेळगावची मिठाई) हातात ठेवला, तर बाई हसून म्हणाल्या, “पुढच्या खेपेलाही बिघडू दे की!”