दुधातली गोळी: घरात मानसिक आजाराचं औषध चालू असताना मालिका कशी बघावी

माझ्या सासूबाई गेली ११ वर्षं लिथियम घेतात, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध. नवऱ्याची नाशिकमध्ये सातपूरच्या कंपनीत शिफ्ट असते, त्यामुळे गोळ्या द्यायचं काम माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी एका मालिकेत सुनेने सासूच्या दुधात गोळी चुरून टाकली, सासू भ्रमिष्ट झाली आणि बंगला सुनेच्या नावावर झाला. सिडकोतल्या आमच्या हॉलमध्ये आम्ही दोघींनी तो भाग शेजारी बसून पाहिला. त्या रात्री मी गोळी आणि हळदीचं दूध पुढे केलं, तर आईंनी पेला नाकाशी नेला, हुंगला आणि खाली ठेवला. "राहू दे गं, घेते मी नंतर."

तीन आठवड्यांनी गादीखाली १९ गोळ्या सापडल्या. तोवर आई पहाटे तीनला उठून भांडी घासायला लागल्या होत्या आणि पंचवटीतल्या नातेवाइकांना फोन करकरून येवल्याची पैठणी कबूल करत होत्या. मी मात्र त्याला उत्साह समजत होते.

तुमच्याकडेही औषध आणि टीव्ही दोन्ही चालू असेल, तर मी काय करते ते सांगते.

टीव्ही बंद करू नका. मी आधी तेच केलं होतं. "मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?" असं विचारून आई दोन दिवस अबोल राहिल्या. त्यापेक्षा शेजारी बसा आणि जाहिराती लागल्या की साधे प्रश्न विचारा. ही गोळी कुणी लिहून दिली? नाव काय तिचं? कशासाठी दिली? एकदा मी असं विचारल्यावर आई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर दाखवलाच नाही की गं." तो शोध त्यांचा त्यांना लागला, म्हणून तो टिकला. मी समजावत बसले असते तर मी त्या मालिकेतलीच सून ठरले असते.

गोळी त्यांच्या हाताने काढू द्या. आमच्याकडे आता सात खणांचा डबा आहे. रविवारी दुपारी आई चष्मा लावून पाकिटावरचं नाव आणि मुदत मोठ्याने वाचतात आणि खण भरतात. मी फक्त शेजारी बसते. रात्री गोळी साध्या पाण्याबरोबर, दूध अर्ध्या तासाने. कितीही काळजी वाटली तरी औषध लपवून, चुरून कशातही घालू नका. एकदा पकडलं गेलं की हातातला चहासुद्धा संशयाचा होतो. शिवाय काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या चुरल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

दुसरा घातक प्रसंग म्हणजे नायिका बरी होते आणि गोळ्यांची बाटली नदीत फेकते. मागे बासरी वाजते. हे दिसलं की त्याच रात्री बोला, उद्यावर ढकलू नका. आमच्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय, लिथियम अचानक थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या तरी चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होतात. त्या बंद करायच्या तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि गुण यायलाही दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. पडद्यावर मात्र गोळी गिळली की माणूस लगेच आडवा होतो. त्यामुळे मनाची प्रत्येक गोळी झोपेचीच, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. चुकलेल्या गोळ्या सापडल्या तर त्या एकदम भरून काढू नका, डॉक्टरांना फोन करा.

मालिकेत रक्ततपासणी कधीच दिसत नाही, म्हणून तिचं महत्त्व तुम्हीच घरात वाढवा. लिथियमचं रक्तातलं प्रमाण बघावं लागतं, साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान. वयानुसार डॉक्टर ठरवतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. मूत्रपिंड आणि थायरॉइडही तपासायचं. या तारखा आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो. नाशिकचं ऊन एप्रिल-मेमध्ये काही कमी नसतं, तेव्हा पाणी भरपूर, मीठ नेहमीइतकं, आणि गुडघे दुखले म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक आणायचं नाही. काही वेदनाशामकांनी लिथियमचं प्रमाण वाढतं. हाताची थरथर वाढली, उलट्या-जुलाब झाले, बोलणं अडखळायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

शॉक देताना किंचाळणारा माणूस दाखवला की मी सरळ सांगते, भूल आणि स्नायू सैल करण्याचं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. साखळीने बांधायलाही. "येरवड्याला पाठवा हिला" हा संवाद आला की मी गप्प बसत नाही. आई ऐकत असतात. आत्महत्येचा प्रसंग लागला तर आवाज कमी करा, माणसाकडे बघा, आणि "तुमच्या मनात असं कधी येतं का?" हे थेट विचारा. विचारल्याने कुणाच्या मनात ते भरत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलाय. तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटचं काम म्हणजे वाहिनीला पत्र. मालिकेचं नाव, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहा, नुसता राग नको. आमचं पत्र आईंनीच सांगितलं, मी लिहून घेतलं. प्रसंगाचं वर्णन झाल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "खाली माझं नाव घाल. आणि लिही, आमच्या घरी गोळी मी माझ्या हाताने काढते. सून पाणी देते."