सोलापूरच्या माळासाठी स्वयंसेवा: कामाला कुठून लागायचं, काय टाळायचं

सोलापुरात निसर्गासाठी काही करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, रोपं किती आणायची? नान्नज, मार्डी, वडाळा, कारंबा या पट्ट्यातल्या माळावर काम करणार असाल, तर आधी हा प्रश्न बाजूला ठेवा. इथला माळ म्हणजे तुटून उजाड झालेलं जंगल नाही. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मुरमावर वीतभर माती. अशा जमिनीत मुळात गवतच टिकतं: पवन्या, कुसळी, मारवेल. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि शत्रू लांबून दिसावा यावरच त्यांची भिस्त असते. मध्ये झाडांची रांग उभी राहिली की कावळ्यांना टेहळणीला फांदी मिळते, कुत्र्यांना आडोसा मिळतो. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालेल्या याच परिसरात गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या बाहेरून आलेल्या झाडाची लागवडही झाली. ते तोडलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं, त्यामुळे लावायला एक दिवस पुरला तरी काढायला वर्षं जातात.

एखाद्या कंपनीला किंवा मंडळाला झाडं लावायचीच असतील तर गावठाण, शाळेचं आवार, रस्त्याची कड दाखवा आणि कडुनिंब, बोर, बाभूळ सुचवा. माळासाठी त्यांच्याकडून लसीचे पैसे मागा. ते कशासाठी, हे पुढे येईल.

जमीन कुणाची

डोळ्यांना एकसलग दिसणारा माळ कागदावर तुकड्यातुकड्यांचा असतो. थोडा वन विभागाचा, थोडा गायरान, थोडा खाजगी. जिथे काम करायचं त्याचा गट नंबर काढा आणि सातबारा पाहा. वन विभागाची जागा असेल तर आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज द्या. अर्जात माणसं किती, तारखा कोणत्या, काम नेमकं काय आणि सोबत कोणती हत्यारं, हे लिहा. "जनजागृती" एवढंच लिहिलेला अर्ज पडून राहतो. गायरानासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, तो ग्रामसभेत मांडा. खाजगी जमिनीसाठी मालकाची लेखी संमती पुरते, पण शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगून ठेवा. वन विभागाच्या जमिनीवर लेखी परवानगीशिवाय काहीही तोडू नका, अगदी वेडी बाभूळसुद्धा.

आधी मोजा, मग हात लावा

पहिले तीन महिने फक्त नोंदी करा. एक किलोमीटरची सरळ रेघ ठरवा, दोन्ही टोकं मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवा आणि महिन्यातून एकदा त्याच रेघेवरून चाला. सूर्योदयानंतर अर्ध्या तासात निघा. दोन माणसं पुरेत, एक पाहील आणि एक लिहील. पाच-सहा जण गेले की गप्पा होतात आणि पक्षी आधीच उडून जातात. रेघेच्या दोन्ही बाजूंना १०० मीटरच्या आत जे दिसेल ते लिहा: प्राणी कोणता, संख्या किती, रेघेपासून अंदाजे अंतर किती. "काहीच दिसलं नाही" हीसुद्धा नोंदच आहे. ती गाळली तर वर्षअखेरीस माळ आहे त्यापेक्षा भरलेला वाटतो.

गवतासाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो घेऊन चौकट करा. दर १०० मीटरवर रेघेपासून उजवीकडे दहा पावलं मोजा आणि पाय पडेल तिथेच चौकट ठेवा. चौकट फेकली की हात नकळत हिरव्या जागेकडे वळतो आणि आकडे फसवे येतात. चौकटीत गवताने झाकलेला भाग किती टक्के, उंची किती, गाजर गवताची रोपं किती आणि झाडोऱ्याची रोपं किती, एवढं लिहिलं तरी बस.

मार्च ते ऑगस्ट हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ असतो. या दिवसांत चौकटीची दहा पावलं आणि जुलै-ऑगस्टमधलं गाजर गवताचं काम एवढं वगळता ठरलेली रेघ सोडून फिरू नका. पायाखाली अंडं येईपर्यंत दिसत नाही, कारण त्याचा रंग मुरमासारखाच असतो. घरटं किंवा लांडग्याची गुहा सापडली तर फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. जागा फक्त वनरक्षकाला कळवा.

गाजर गवत आणि वेडी बाभूळ

गाजर गवत उपटायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना आणि फूल येण्याआधी. नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं, मुळासकट काढावं लागतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडावर रुमाल हवाच, कारण त्वचेला खाज सुटते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. ज्यांना अॅलर्जी आहे त्यांना नोंदवहीचं काम द्या. फूल आलेलं गवत गाडीत भरून दुसरीकडे नेऊ नका, एका झाडाला हजारो बिया येतात. पानांवर पांढरट-काळ्या पट्ट्यांचे छोटे भुंगेरे दिसले तर ते राहू द्या. हे झायगोग्रामा भुंगेरे गाजर गवत खाण्यासाठीच आणून सोडले आहेत.

वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली की चौपट फुटवे येतात. कोंब फुटणारा भाग जमिनीखाली असतो, म्हणून कुदळीने सुमारे एक फूट खोल खणून बुंधा काढा. दिवसभरात चार माणसांकडून थोडीच झाडं निघतील. तेवढीच नीट काढा.

मेंढपाळांशी बोलताना

या कामाचा कणा हाच आहे. माळ राखला जातो तो मेंढरांच्या चराईबरोबर, आणि लांडगा जगेल की नाही हे धनगरवाड्यावर ठरतं. दुपारी चराईच्या वेळी कुणाला थांबवू नका. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत (जाळीच्या कुंपणात) गेल्यावर जा, चहा झाल्यावर बोला. सुरुवात "लांडगा वाचवा"ने करू नका. या वर्षी किती कोकरं गेली, कोणत्या महिन्यात, रात्री की दिवसा, ते आधी विचारा आणि लिहून घ्या. आपल्या नुकसानीची नोंद कुणीतरी ठेवतंय हे दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या बाजूला घरात कन्नड बोलतात, तिकडे कन्नड येणारा सोबती न्या.

लांडग्याने मारलेल्या जनावराच्या सरकारी भरपाईची माहिती तोंडी सांगू नका, पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर छापून द्या. त्यावर वन विभागाची हेल्पलाइन १९२६, गावच्या वनरक्षकाचा कामाचा नंबर आणि चार ओळी: मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, फोटो काढा, त्याच दिवशी कळवा, पंचनामा होईपर्यंत थांबा. बहुतेक दावे बुडतात ते इथेच. जनावर आधीच पुरलेलं असतं किंवा कळवायला चार दिवस उलटलेले असतात. भरपाई मिळाली नाही की मेलेल्या मेंढरावर विष टाकलं जातं. ते लांडग्यापुरतं राहत नाही. त्याच मढ्यावर खोकड (छोटा कोल्हा), घारी आणि वाड्यावरची राखणीची कुत्रीही मरतात. वाड्यावर हे स्पष्टपणे सांगा, धमकीच्या सुरात नको.

रात्रीसाठी वाघूर उंच ताणलेली हवी, खालची कड खुंट्यांनी दाबलेली हवी आणि कोकरं मधोमध. लांडगा बहुतेकदा खालच्या सैल कडेतून शिरतो.

कुत्र्यांचं लसीकरण

माळावरच्या लांडग्याला आणि खोकडाला गावच्या कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे रोग लागतात. डिस्टेंपर एखाद्या कळपात शिरला तर पिल्लांची अख्खी पिढी जाते. म्हणून वर मागितलेले पैसे या कामी लावा.

एका गावापासून सुरुवात करा. आधी दोन सकाळी फिरून कुत्री मोजा, पाळीव आणि मोकाट वेगळी. रेबीजला आळा घालायचा तर किमान ७० टक्के कुत्र्यांना लस पोहोचावी लागते, आणि एकूण माहीत नसेल तर टक्का काढणार कसा? लस टोचायचं काम पशुवैद्यकाचं, आपण फक्त मदतीला. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. बर्फाच्या पिशव्यांना बाटल्या थेट टेकू देऊ नका, गोठलेली लस निकामी होते. पेटीत थर्मामीटर ठेवा आणि दर तासाला वाचा. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात उघडी पेटी फार लवकर तापते, तेव्हा शिबिर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या आणि सकाळी दहाच्या आत आटपा. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर देतात, पुढे वर्षातून एकदा. लस दिलेल्या कुत्र्याला रंगीत पट्टा बांधा, नाहीतर तेच कुत्रं पुन्हा पकडलं जातं.

कुत्री धरणाऱ्या स्वयंसेवकांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली हवी. तिचे डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवड्यांत पूर्ण होतात, म्हणून तयारी दोन महिने आधी. चावा किंवा ओरखडा आला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, आधी लस घेतलेली असली तरीही.

शाळेतला तास

पाचवी ते आठवीसाठी ४५ मिनिटं पुरेत. वर्गात पिसं, अंडी, शिंगं नेऊ नका. बऱ्याच वन्य प्राण्यांचे अवशेष जवळ बाळगणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलं तेच गोळा करायला शिकतात. माळावर विष्ठा दिसली तर हात लावायचा नाही, परजीवींची अंडी असू शकतात.

पावलांचे ठसे मात्र मुलांना फार आवडतात. पुठ्ठ्याची दोन इंच उंच पट्टी ठशाभोवती गोल लावा. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये एक वाटी पाणी घाला, ताकाइतकं पातळ झालं की ठशाच्या कडेने सावकाश ओता, मधोमध नाही. अर्ध्या तासाने उचला आणि माती दुसऱ्या दिवशी ब्रशने काढा. कोरड्या भुसभुशीत मातीत ठसा ढासळतो, तिथे आधी स्प्रेने हलकं पाणी मारा. एका ठशावरून लांडगा की कुत्रा हे ठरवू नका. निदान २० पावलांची ओळ पाहा. लांडग्याची चाल बहुतेकदा सरळ रेषेत जाते, कुत्रं रेंगाळत, वळत जातं. तरी खात्री नसेल तर वहीत "श्वानकुळातला" एवढंच लिहा.

मुलांना माळढोक दाखवायचं आमिष देऊ नका. तो आता दिसेलच असं नाही, आणि मग मुलांना माळ रिकामा वाटतो. काळवीट, चंडोल, हिवाळ्यात पाहुणे येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी, यांच्यातच एक सकाळ भरून जाते.

दर सहा महिन्यांनी नोंदींचा एक कागद, मोठ्या अक्षरात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. लस दिलेली कुत्री किती, मंजूर झालेले भरपाईचे दावे किती, रेघेवर दिसलेले पक्षी किती. दुसरी प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या आणि तिसरीवर पोहोच घेऊन स्वतःकडे ठेवा. पुढच्या वर्षीच्या परवानगीच्या अर्जाला तीच जोडायची.