‘एनके पेशी वाढल्यात’ म्हणे! उपचार सुरू करण्याआधी या चुका टाळा

लागोपाठ दोन-तीन गर्भपात झाले की फायलीत हल्ली एक रिपोर्ट हमखास येतो. त्यात रक्तातल्या एनके, म्हणजे नॅचरल किलर या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची टक्केवारी असते आणि आकड्यापुढे वर जाणारा बाण. तो बाण पाहून बाई स्वतःलाच दोष देऊ लागते की माझंच शरीर माझ्या बाळाला मारतंय. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि फार क्रूर आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या आणि गर्भाशयातल्या वेगळ्या. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० टक्के याच गर्भाशयी एनके असतात आणि मारण्याच्या कामात त्या बऱ्याच मंद असतात. दंडातून काढलेल्या रक्तावरून त्यांचा अंदाज येत नाही. अस्तराचा तुकडा काढून मोजलं तरी पंचाईतच, कारण पाळीच्या चक्रात त्यांची संख्या बदलते आणि कितीपासून ‘जास्त’ म्हणायचं यावर एकमत नाही.

मग त्या तिथे करतात काय? वारेच्या (प्लॅसेंटाच्या) काही पेशी, म्हणजे ट्रोफोब्लास्ट, आईच्या अस्तरात खोल शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्यांपर्यंत पोचतात. धमनीच्या भिंतीतला स्नायू नाहीसा होतो, तोंड रुंदावतं आणि रक्त जोराने न उसळता संथपणे वारेत उतरतं. गर्भाशयी एनके पेशी या कामात हातभार लावतात. शिरकाव उथळ राहिला तर धमन्या अरुंदच राहतात. पुढे आईचा रक्तदाब वाढणं (प्रीएक्लाम्पसिया) किंवा बाळाची वाढ खुंटणं, याचं मूळ अनेकदा इथे असतं.

या दोन पेशींची ओळखपाळख कशी होते ते बघण्यासारखं आहे. शरीरातल्या बहुतेक पेशी एचएलए-ए आणि बी ही ओळखचिन्हं मिरवतात. आत शिरणारे ट्रोफोब्लास्ट ती दोन्ही दाखवत नाहीत. सी, ई आणि जी मात्र दाखवतात. एचएलए-सीची एक प्रत वडिलांकडून आलेली असते आणि आईच्या एनके पेशी केआयआर नावाच्या ग्राहींनी ती वाचतात. केंब्रिजच्या सुसान हिबी, अ‍ॅशली मॉफेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की आईचे केआयआर ‘एए’ प्रकारचे आणि बाळाचं एचएलए-सी ‘सी२’ गटातलं असेल तर प्रीएक्लाम्पसियाचा धोका वाढतो. या जोडीत एनके पेशींना मिळणारा ‘थांब’ हा इशारा जास्तच जोरकस असतो. म्हणजे त्या चवताळल्या म्हणून बिघडत नाही, त्या फारच गप्प बसल्या म्हणून बिघडतं.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती दाबली की गर्भ टिकेल’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. या समजाला जुनं कारण आहे. १९५३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी विचारलं होतं की निम्मा परका असलेला गर्भ आईचं शरीर नाकारत कसं नाही? प्रश्न मोलाचा होता, पण त्यातून गर्भाकडे रोपण केलेल्या अवयवासारखं पाहायची सवय लागली. मग आईच्या शरीराला परकेपणाची सवय व्हावी म्हणून नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार निघाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत हा उपचार घेतलेल्यांपैकी ३६ टक्के स्त्रियांना यश आलं, न घेतलेल्यांपैकी ४८ टक्के. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, तो संशोधनाबाहेर देण्यास मनाई केली. स्टिरॉइड किंवा इंट्रालिपिड (तेलाचं पांढरं द्रावण) सलाइन सुचवलं गेलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: माझ्या बाबतीत याने बाळ टिकतं याचा पुरावा कोणता? मात्र दमा किंवा ल्युपससाठी स्टिरॉइड चालू असेल तर हे वाचून परस्पर बंद करू नका.

याची उलट चूकही होते: प्रतिकारशक्तीचा काही संबंधच नाही असं धरून चालणं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीराच्याच काही प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडींमुळे) रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढणं, हे वारंवार गर्भपाताचं खरं आणि उपचार असलेलं कारण आहे. त्यात अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन ही रक्त गोठू न देणारी औषधं देतात. पण एका रिपोर्टवर शिक्कामोर्तब करू नका. एखाद्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं तात्पुरती वाढतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. शिवाय सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असतो. पडलेल्या गर्भाची तपासणी शक्य असेल तर ती एनकेच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

‘प्रतिकारशक्ती चाळवेल’ या भीतीने गरोदरपणातल्या लसी टाळणंही चूकच. आईची आयजीजी प्रतिपिंडं वार स्वतः उचलून बाळाकडे पोचवते. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळाला त्यांचाच आधार असतो.

आणि रक्तगट. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईची हीच आयजीजी प्रतिपिंडं वार ओलांडून बाळाच्या लाल पेशी फोडू शकतात. पहिलं बाळ बहुधा सुटतं, पुढचं सापडतं. २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटि-डी इंजेक्शन घेतलं की हे टळतं. गर्भपातानंतरही ते लागू शकतं, त्यामुळे दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारून घ्या.