निप्पाई कशी करावी : कुरोझुमी मुनेतादांची शिकवण

मुनेतादांची शिकवण समजून घ्यायची तर सुरुवात पहाटेपासून करावी. ते जपानमधल्या ओकायामाचे शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक धर्माचे, पुजारी. 1812 मध्ये आठवडाभराच्या अंतराने आई-वडील गेले आणि त्या दुःखात त्यांना क्षयाने गाठलं. दुःख कवटाळल्यानेच आपण खंगत चाललोय, हे उमगल्यावर त्यांनी कृतज्ञतेने सूर्यापुढे हात जोडले आणि ते बरे झाले, असं त्यांच्या पंथाची परंपरा सांगते. 1814 च्या हिवाळी अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, त्यांना सूर्यदेवी अमातेरासूशी एकरूप झाल्याचा अनुभव आला. कुरोझुमीक्यो पंथाचा उगम इथलाच.

निप्पाई म्हणजे उगवत्या सूर्याची रोजची उपासना. ओकायामातल्या शिंतोझान या मुख्यालयात ती रोज पहाटे होते. सूर्योदयाआधी पूर्वेकडे तोंड करून बसा. सूर्य वर येताना ओहाराए ही शुद्धीची प्रार्थना स्पष्ट आवाजात म्हणा. ढग असले तरी खाडा करायचा नाही. सूर्य ढगांमागे असतोच.

मग येतो गाभ्याचा भाग, योकी म्हणजे सूर्याचं चैतन्य आत घेणं. सावकाश श्वास घ्या, पाण्याच्या घोटासारखा गिळा आणि नाभीखाली स्थिरावू द्या. घाईने मोठमोठे श्वास ओढले तर गरगरतं. तसं झालं की थांबून नेहमीसारखा श्वास घ्या. बहुतेकांची चूक होते ती नजरेची. सूर्यबिंबाकडे टक लावून पाहू नका, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. नजर खाली ठेवली म्हणून उपासनेत काही उणं राहत नाही. आणि आजारपणात डॉक्टरांचे उपचार चालूच ठेवा.

दिवसभरासाठी मुनेतादांनी सात नियम घालून दिले. श्रद्धा सोडू नये, गर्वाने कुणाला तुच्छ लेखू नये, धडधाकट असताना कामात आळस करू नये, मनात सचोटी असावी, रोजची कृतज्ञता विसरू नये, हे त्यांतले पाच. उरलेले दोन आमच्या मते सर्वांत अवघड: रागावू नये व चिंतेने कुढू नये, आणि दुसऱ्याचा वाईटपणा पाहून आपल्यातला वाढवू नये. सातही एकदम धरले की चार दिवसांत सगळे सुटतात, म्हणून रागापासून सुरुवात करा. मुनेतादा म्हणत, समोरच्याचं मन हा आरसा आहे. कुणाच्या बोलण्याने डोकं तापलं, तर उत्तर देण्याआधी स्वतःचा आवाज किती चढलाय ते ऐका आणि आधी तो खाली आणा.