मधलं लेकरू वहीत येत नाही: पहिल्यांदा सर्व्हेला निघालेल्यांसाठी

नागपुरात एम.ए. करताना प्रबंधासाठी मी ग्रामीण घरांतला जननदर आणि बालमृत्यू हा विषय घेतला. एकीकडे काटोलची संत्र्याची गावं, दुसरीकडे रामटेकपल्याड देवलापारची आदिवासी गावं. पहिल्या फेरीत बालमृत्यू देवलापारकडेच कमी निघाले. मी खूश, मार्गदर्शकही खूश. त्यांनी फॉर्म उघडूनही पाहिला नव्हता.

घोळ माझ्या प्रश्नात होता. "लेकरं किती?" विचारलं की बाई जिवंत तेवढीच सांगते. देवलापारची एक बाई म्हणाली, "दोन हायेत." मोठा आठ वर्षांचा, धाकटी तीनची. मधली पाच वर्षं मला दिसलीच नाहीत! बारशाआधी गेलेलं बाळ, नाव नाही, कागद नाही, ते कोण मोजणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रश्न उगाच लांबवलेले नाहीत. सोबत राहणारे मुलगे, मुली; बाहेर राहणारे; जन्मून वारलेले; आणि मग, "रडलं, हाललं, पण जगलं नाही, असं एखादं?" हा शेवटचा प्रश्न गाळला की दोन दिवसांचं बाळ एकतर सुटतं, नाहीतर मृतजन्मात जातं. म्हणजे एक मृत्यू गेला आणि एक जन्मही गेला. जिथे बाळं जास्त दगावतात तिथेच दोन्ही आकडे खऱ्यापेक्षा जास्त खाली येतात. दोन लेकरांत मोठं अंतर दिसलं की थांबा, मधलं विचारा. "वर्षाचं होऊन गेलं" म्हणाली तर लगेच १२ महिने लिहू नका. पोळ्याला होतं का, चालायला लागलं होतं का, विचारा. अर्भक मृत्यू म्हणजे वर्ष पुरं व्हायच्या आतला.

आशाताईला सोबत नेण्याचा शॉर्टकट मला पटत नाही. दार उघडतं, पण तिच्यासमोर मेलेल्या बाळाबद्दल कोण बोलणार? सासूचंही तेच.

आकडे थोडे आले म्हणून रडू नका. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी २३ होता. तुमच्या १२० जन्मांत दोन-तीनच मृत्यू यायचे. त्यावरून तालुक्यांची तुलना मात्र करू नका, तोंडीला सोलून काढतील. प्रादेशिक फरकासाठी त्याच सर्वेक्षणाचा डेटा वापरा. तेव्हाचा अर्भक मृत्युदर: बिहार ४७, केरळ ४. एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी किती लेकरं, बिहारचा ३.०, आपला १.७.

मी सगळी घरं पुन्हा केली. ती देवलापारची बाई धान पाखडत होती. "रडलं होतं ना," म्हणाली, "तुम्ही इचारलंच कुठं?"